अकरा महिन्यांचं घर

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन गॅलरीत बसलो होतो. हापिसचा लॅपटॉप बंद, कन्या झोपलेली, म्हणजे विकांताची अगदी आदर्श सुरुवात. तेवढ्यात पाठोपाठ दोन फोन आले आणि सगळा विकांत भाड्याने गेला.

पहिला फोन आमच्या वाकडच्या घरमालकांचा. माणूस सज्जन. आधी तब्येत, मग कन्येचा अभ्यास, मग यंदाचा उन्हाळा. आणि मग, "जूनमध्ये आपला करार संपतोय ना... आजूबाजूचे रेट तुम्ही बघत असालच." आम्ही देतो अठ्ठावीस हजार. त्यांना हवे होते साडेबत्तीस. मी "बघतो, सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि मनातल्या मनात जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

दुसरा फोन आला तो मोशीच्या एजंटचा. मोशीत आमचा स्वतःचा एक टूबीएचके आहे, कर्जावर घेतलेला. तो दीड महिना रिकामा होता.

"सर, पार्टी आहे. चार मुलं. चाकणला कंपनीत आहेत. बॅचलर आहेत पण. चालतील का?"

"नको रे बाबा, बॅचलर नको. फॅमिली बघ."

एका सेकंदात, काही विचार न करता बोलून गेलो. आतून कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून सौ. म्हणाली, "रहाटणीला राहत होतास तेव्हा तू कोण होतास रे? फॅमिली?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला साधारण दोन आठवडे लागले. ते हे.

आधी आमचा घोळ सांगतो. पिंपरी-चिंचवडमध्ये असा घोळ घालणारे आम्ही एकटे नाही, हेही खरं. २०१४ साली मोशीत फ्लॅट बुक केला, कारण तिथला भाव परवडला. २०१७ साली ताबा मिळाला. तेव्हा हापिस तळवड्याला होतं, सगळं सोयीचं होतं. मग नोकरी बदलली, हिंजवडीला गेलो. मोशीहून हिंजवडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. सकाळी दीड तास, संध्याकाळी पावसाळ्यात दोन. वर्षभर केलं. कन्या झोपेतून उठायच्या आत मी बाहेर आणि ती झोपल्यावर घरात. २०१९ साली मोशीचं घर भाड्याने दिलं आणि स्वतः वाकडला भाड्याने राहायला आलो. तेव्हापासून माझ्या एकाच फायलीत दोन करार असतात. एकात मी 'लायसेन्सर', दुसऱ्यात 'लायसेन्सी'. मोशीचे सोळा हजार येतात, वाकडचे अठ्ठावीस जातात आणि हप्ता वेगळा. म्हणजे महिन्याला बारा हजार रुपये मी हिंजवडीपासूनचं अंतर कमी करायला मोजतो. घराचं भाडं हे बऱ्याचदा घराचं नसतंच, वेळेचं असतं.

वाकडच्या भाड्याचा आलेखही बघण्यासारखा आहे. २०१९ ला एकवीस हजार. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, आयटीवाले लॅपटॉप घेऊन गावाला गेले, इमारतीतले निम्मे फ्लॅट रिकामे झाले, तेव्हा मालकांनी स्वतः फोन करून साडेअठरा केलं. २०२२ ला हापिसं परत भरायला लागली आणि ते चोवीसवर गेलं. २०२४ ला अठ्ठावीस. घर तेच, गळका नळ तोच, फक्त गॅलरीतून दिसणारा मोकळा प्लॉट गेला आणि तिथे बावीस मजले आले. भाव ठरतो तो हापिसच्या एका ईमेलवर, 'आठवड्यातून तीन दिवस यावे लागेल' या ओळीवर.

आता सौ.च्या प्रश्नाकडे येतो.

मी मूळचा उदगीरकडचा. तीर्थरूप एसटीत कंडक्टर. २००६ साली तळवड्यात नोकरी लागली तेव्हा चिखलीत एका आजींकडे खोली घेतली. चिखली, मोशी, तळवडे, वाकड ही गावं १९९७ साली महापालिकेत आली होती, पण २००६ च्या चिखलीत सकाळी म्हशी रस्त्यावर असायच्या आणि त्यांच्यामधून आमच्या कंपनीची बस वाट काढायची. घराच्या मागे ओळीने सहा खोल्या, कॉमन संडास, हौद. भाडं बाराशे. डिपॉझिट? शून्य. करार? आजींनी माझं गाव विचारलं, बाप काय करतो विचारलं आणि म्हणाल्या, "कंडक्टरचं पोरगं हायेस, सुट्टे पैसे ठेवीत जा." झाला करार :)

त्याच आजींनी एकदा सांगितलं होतं, की त्यांचं तीन एकर रान प्राधिकरणात गेलं. आता या सहा खोल्या हीच त्यांची शेती. मला तेव्हा प्राधिकरण म्हणजे निगडीचे बंगले आणि रुंद रस्ते एवढंच माहीत होतं. पुढे कळलं की हे नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली झालं ते मुळात कारखान्यांतल्या कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली आणि कामगार इतके झाले की राहायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी गावोगावची शेतं संपादन केली. घरं झाली, पण लागत होती तितकी झाली नाहीत. भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, म्हणजे बंगलेवालेही कागदोपत्री एका अर्थाने भाडेकरूच. ज्यांची जमीन गेली त्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा हिशोब निवडणुकांच्या सभांमधून गाजत राहिला आणि २०२१ साली प्राधिकरणच पीएमआरडीएत विलीन झालं. मधल्या काळात कामगारांची राहायची सोय कोणी केली? आजींसारख्यांनी. राहिलेल्या चार-दोन गुंठ्यांत खोल्या काढून.

२००९ साली पगार वाढला तसं आम्हां तीन मित्रांना 'फ्लॅट'चे डोहाळे लागले. रहाटणीत वनबीएचके बघितला. भाडं सहा हजार, डिपॉझिट तीस हजार. मुलाखत हापिसच्या मुलाखतीपेक्षा अवघड. आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, रात्री किती वाजता येता, मैत्रिणी येतात का. एक मित्र आडनावावर अडखळला. म्हणजे मालक अडखळले, तो नाही. त्याने नंतर आम्हाला सांगितलं की या प्रश्नाचं उत्तर देताना तो आधी समोरच्याचा चेहरा बघतो. तीन घरं त्याच्यामुळे गेली हे आम्ही त्याला कधी बोललो नाही, पण त्याला ते माहीत होतं.

अखेर घर मिळालं. दोन वर्षं राहिलो. सोडताना मालकांनी तीस हजारांतले अकरा हजार कापले. रंगकाम, नळाची तोटी, 'साफसफाई' आणि एक मोघम 'इतर'. करारात रंगकामाचा शब्दही नव्हता. आम्ही तिघं इंजिनियर, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पैसे मिळवणारे. पण मान खाली घालून एकोणीस हजार घेऊन आलो.

आमचा तो करार शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर होता, नोंदणी न केलेला. "अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही" असं एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं. हे वाक्य आजही ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अकरा महिन्यांचा हिशोब येतो १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी गंमत पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे २०११ साली त्या अकरा हजारांच्या भांडणात कायदा आमच्या बाजूने उभा होता. आम्हाला फक्त ते ठाऊक नव्हतं.

दुसरं एक अज्ञान याहून विनोदी. 'लिव्ह अँड लायसन्स' मधला 'लिव्ह' म्हणजे निघून जा, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. अकरा महिने झाले, निघा! प्रत्यक्षात तिथे 'लिव्ह'चा अर्थ परवानगी आणि लायसन्सचा अर्थही परवानगी. म्हणजे घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, आपल्याला तिथे राहायची परवानगी असते. हे का झालं, तर १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात भाडेकरूला सहजासहजी काढता येत नव्हतं आणि भाडं १९४० च्या पातळीवर गोठलेलं होतं. मग मालकांनी भाडेकरू हा शब्दच टाकला आणि 'परवानाधारक' ठेवायला सुरुवात केली. सरकारने त्यांनाही पकडलं, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. परिणाम असा की लोक फ्लॅटला कुलूप लावून ठेवायला लागले, पण भाड्याने देईनात. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं आणि मग १९९९ चा कायदा आला. आता लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही तर त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकांची भीती गेली, कुलपं निघाली. आपल्या पिढीला एवढी घरं भाड्याने मिळाली यात या कलमाचा वाटा आहे, हे मान्य केलं पाहिजे. मात्र त्याची किंमत अशी, की आपण कुठेही अकरा महिन्यांपेक्षा जास्त 'राहत' नाही. दरवर्षी परवानगी नव्याने मागतो.

असो. तर त्या शनिवारी सौ.च्या प्रश्नानंतर मी एजंटला परत फोन केला. "पाठव रविवारी. बघू."

रविवारी चौघांपैकी दोघं आले, बाकीचे दोघं शिफ्टला. नावं देत नाही, गावाने ओळखू. एक परभणीचा, एक वाशिमचा. दोघंही आयटीआय झालेले, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी, हातात अठरा हजारांच्या आसपास. परभणीच्याने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बघितला. वाशिमचा बेडरूममध्ये गेला आणि त्याने वर बघितलं. बराच वेळ छताकडे बघत होता. मला वाटलं ओल शोधतोय. म्हटलं, "वॉटरप्रूफिंग केलंय."

"नाही सर, स्लॅब बघत होतो. आमच्याकडे पत्रा आहे."

परत जायला त्यांना बस मिळेना आणि मला चाकणला कांदे घ्यायचे होते (चाकणचा कांदा, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी), म्हणून त्यांना गाडीत घेतलं. ते राहत होते महाळुंग्यात. बालेवाडीजवळचं महाळुंगे नव्हे, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं. कुरुळीपासून पुढे ट्रेलरच्या मागे पाऊण तास काढला. खोली बघायची म्हणून मी गेलो नव्हतो, पण "चहा घेऊन जा सर" म्हणाले, आणि मला चिखलीची आठवण झाली.

तीच ओळीने खोल्यांची रचना. फक्त सहाच्या जागी चोवीस, आणि म्हशी नाहीत. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, एका कोपऱ्यात गॅस, दोरीवर युनिफॉर्म. दुपारचे दोन वाजले होते आणि खोलीत दोघं झोपले होते, नाईट करून आलेले. झोपले म्हणजे ओला टॉवेल अंगावर घेऊन पडले होते. मार्चमध्येच पत्रा असा तापला होता की चहाचा कप हातात धरवेना. वाशिमचा हळू आवाजात म्हणाला, "नाईटचा आठवडा असला ना सर, की चार तास पण झोप होत नाही. मागच्या महिन्यात मशीनवर डुलकी लागली होती याला." त्याने झोपलेल्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं. "हात थोडक्यात वाचला."

भाडं विचारलं. खोलीला पाच हजार. लाईटचं वेगळं, सबमीटरवर युनिटला बारा रुपये. अशा दोन खोल्यांत पाच जण, पाचवा गावाला परत चाललेला.

घरी येऊन मी आपल्या जातीला साजेसं काम केलं, म्हणजे एक्सेल उघडलं. वाकडचा फ्लॅट, कार्पेट आठशे चौरस फूट, अठ्ठावीस हजार. म्हणजे फुटाला पस्तीस रुपये. मोशीचा फ्लॅट सहाशे चाळीस, सोळा हजार. फुटाला पंचवीस. महाळुंग्याची खोली एकशे वीस, पाच हजार. फुटाला एक्केचाळीस रुपये सहासष्ट पैसे.

परत परत आकडे टाकून बघितले. लिफ्ट, जिम, क्लब हाऊस आणि पोहायचा तलाव असलेल्या वाकडपेक्षा पत्र्याच्या खोलीचा दर जास्त होता. माझ्या स्वतःच्या स्लॅबच्या घरापेक्षा दीडपटीहून जास्त.

हे असं का? पुढचे काही दिवस मी हेच डोक्यात घेऊन फिरत होतो. उत्तर तसं किराणा दुकानात टांगलेलं असतं. शाम्पूची पुडी आणि शाम्पूची बाटली. ज्याच्याकडे एकदम बाटलीचे पैसे नसतात तो रोज पुडी घेतो. मोशीचं घर चौघांत वाटलं तर डोक्याला चार हजार. ते ही मुलं ओढाताण करून देऊ शकतात. पण आधी हवं साठ हजार डिपॉझिट (एजंटने बॅचलर म्हणून दहा वाढवून सांगितलं होतं), एक महिन्याचं भाडं एजंटला, करार आणि नोंदणीचा खर्च. ऐंशी हजारांच्या घरात रक्कम, ती पण घरात पाऊल टाकायच्या आधी. शिवाय माझ्या छापील करारात सहा महिन्यांचा 'लॉक-इन'. आणि त्यांचा नोकरीचा करार? सात महिन्यांचा. पुढे वाढला तर वाढला. ज्याची नोकरी सात महिन्यांची त्याने घर अकरा महिन्यांचं कसं घ्यायचं? महाळुंग्याचा खोलीमालक डिपॉझिट एक महिन्याचं घेतो, कागद मागत नाही, महिनाअखेर 'चाललो' म्हटलं की हिशोब संपतो. त्या मोकळिकीचे पैसे फुटामागे वसूल होतात. त्याचीही बाजू असेल, त्याचंही रान एमआयडीसीत गेलं असेल.

मार्च २०२० मध्ये याच खोल्यांमधून माणसं चालत निघाली होती. २९ मार्चला केंद्राने आदेश काढला की कामगारांकडून महिनाभर भाडं मागू नका. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने तीन महिने वसुली पुढे ढकलायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजनाही केंद्राने मंजूर केली. तेव्हा मी वाकडला एसीत बसून 'किती भयंकर' म्हणत होतो आणि साडेअठरा हजारांत भाडं उतरवून घेतल्याचा आनंदही मानत होतो. दोन्ही एकाच महिन्यात.

तर मंडळी, मी घर त्या मुलांना दिलं. लगेच टाळ्या वाजवू नका. फ्लॅट दीड महिना रिकामा होता, म्हणजे चोवीस हजार बुडाले होते आणि हप्ता काही थांबत नाही. मी संत असतो तर पहिल्याच फोनला हो म्हणालो असतो. डिपॉझिट बत्तीस हजार ठरवलं, दोन महिन्यांचं, तेही दोन हप्त्यांत. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांचीच कमाल मर्यादा आहे, आकडा तिथून उचलला. लॉक-इन काढलं, एक महिन्याची नोटीस ठेवली. रंगकामाचे किती कापायचे ते आकड्यात लिहिलं. 'इतर' हा शब्द करारात कुठेही येणार नाही हे जातीने बघितलं.

करार ऑनलाइन नोंदवला. मुद्रांक शुल्क पाव टक्का. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज धरून त्याच्या पाव टक्का, म्हणजे आमच्या केसमध्ये पाचशे रुपयांच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार. वर किरकोळ खर्च. एवढ्यासाठी लोक एकमेकांवर अविश्वास ठेवून स्टँपपेपरवर भागवतात.

मग सोसायटी. सेक्रेटरी काकांचा फोन आलाच. "अहो, आपला ठराव आहे. बॅचलर नाही. आणि द्यायचेच तर महिना दोन हजार जादा." काका माणूस वाईट नाही. निवृत्त कामगार, आयुष्य मशीनवर काढलेला. मी म्हटलं, काका, उपविधींप्रमाणे लायसन्सवर घर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. ते मी कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडून कळवतोय. आणि बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे.

काका थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "ते कायद्याचं ठीक आहे हो. रात्री-बेरात्री येतात-जातात, लोक मला बोलतात."

"काका, तुम्हीही सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला घरी यायचा ना? मालक काय म्हणायचे?"

"मालकीण कडी काढायला उठायची," काका म्हणाले. "शिव्या द्यायची, पण उठायची." मग त्यांनी विषय बदलला आणि पार्किंगबद्दल पंधरा मिनिटं बोलले. दोन हजारांचा विषय परत निघाला नाही. ठराव मात्र अजून वहीत आहे.

आज या गोष्टीला चार महिने झाले. एक तक्रार आली, सकाळी सहाला मोबाईलवर गाणी लावतात म्हणून. एकदा भाडं नऊ दिवस उशिरा आलं, कारण कंत्राटदाराने पगार उशिरा केला. त्या नऊ दिवसांत मी तीनदा मेसेज केला आणि प्रत्येक मेसेज पाठवण्याआधी आमचे वाकडचे मालक मला आठवले. परभणीच्या मुलाचा करार वाढला नाही, तो गावी गेला. त्याच्या जागी हिंगोलीचा आला. नवीन नाव घालून करार परत करावा लागला. वाशिमचा मुलगा अजून आहे. मागच्या महिन्यात फोनवर सहज विचारलं, कसं चाललंय. म्हणाला, "नाईटला होतो सर. आत्ताच उठलो." दुपारचे साडेतीन वाजले होते.

वाकडच्या मालकांशी माझं एकतीस हजारांवर तुटलं. महिन्याला तीन हजार वाढले. मोशीच्या मुलांना पुढच्या वर्षी भाडं किती वाढवायचं हा प्रश्न आता समोर आहे. एजंट म्हणतो दहा टक्के, रेट आहे. सौ. म्हणते पाच. एक्सेल काय म्हणतं ते मी अजून बघितलेलं नाही.

चिखलीला परवा मुद्दाम जाऊन आलो. आजींच्या सहा खोल्यांच्या जागी पाच मजली इमारत उभी आहे, खाली मोबाईलचं दुकान. आजी २०१६ सालीच गेल्या असं दुकानातल्या पोराने सांगितलं. त्यांचा नातूच तो. वरच्या खोल्या भाड्याने देतो. सहज विचारलं, डिपॉझिट किती?

"कोणासाठी पाहिजे, काका? फॅमिली की बॅचलर?"